दोन थापा

"थाप दे, वहिनी. थाप दे त्याला," थंड्या जिन्यावरूनच ओरडला.

वहिनीच्या एका हातात गरम इस्त्री होती. मनात आणलं असतं तर ती नवऱ्याच्या गालावर टेकवून मोकळी झाली असती. पण तिनं इस्त्री लांब धरली होती आणि गळा होता दादाच्या पंजात. तोंडातून शब्द फुटत नव्हता. मोकळ्या हातानं तिनं दादाच्या दंडावर थोपटलं. थप, थप.

दादाचा पंजा उघडला. तो दोन पावलं मागे सरला, हात खाली घेतले आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पंचानं बाजूला केल्यावर पिंजऱ्यात उभा राहायचा, अगदी तसाच.

पिंजरा म्हणजे खरोखरचा पिंजरा. तारेच्या जाळीचा. आत दोन माणसं शिरायची आणि बाहेर बसलेली माणसं पैसे देऊन ती एकमेकांना कशी फोडतात ते बघायची. ठोसे, लाथा, गळ्याला मिठी, सगळं चालायचं. नियम म्हणावा असा एकच. समोरच्यानं अंगावर दोन थापा दिल्या की सोडायचं. श्वास कोंडलाय, हाड मोडतंय, मी हरलो, हे सगळं त्या दोन थापांत आलं. मग अंगात कितीही आग असो, सोडायचंच. दादानं असं कितीतरी जणांना सोडलं होतं. स्वतः मात्र जन्मात थाप दिली नाही. खांदा निखळला तरी दिली नाही. एकदा शुद्ध हरपली, पण थाप दिली नाही. तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आता त्याच्या डोक्यात काय उरलंय ते बघायला त्यांतलं एक कुत्रंही फिरकत नव्हतं.

थंड्याही एकदा त्या पिंजऱ्यात उतरला होता आणि जबडा मोडून घेऊन आला होता. दवाखान्यात दादा त्याच्या उशाशी बसून म्हणाला, "तुझ्या वाटचा मार मी खातो. तू एखादं हाताचं काम शीक." आणि दादा शब्दाला जागला. धाकटा फ्रीज दुरुस्त करायला शिकला, त्यावरून त्याचं नाव थंड्या पडलं. थोरला दोघांच्या वाटचा मार खात राहिला.

त्याची फळं आता दिसत होती. मेंदूच्या डॉक्टरनं समजावून सांगितलं होतं. डोक्याला मार बसून बसून आतलं एक प्रथिन चुकीची घडी घालून बसतं, मग त्याचं बघून शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. माणूस विसरतो, संशय घेतो, मारतो. औषध नाही, शोध चालू आहे. "घडी एकदा चुकीची बसली की तीच बसते, हे सांगायला एवढा शिकलेला माणूस कशाला हवा?" वहिनी तेव्हा म्हणाली होती. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची, तिला घड्यांचं कोण काय सांगणार.

वहिनीनं पाणी पिऊन बघितलं. गिळताना तिचा चेहरा वाकडा झाला.

"भाऊजी, आता बास. अशा रुग्णांच्या केंद्रात जागा झालीय म्हणून फोन आला होता. पाठवू या त्यांना."

"तिथं पलंगाला पट्ट्यांनी बांधतात, वहिनी."

"आणि इथं माझा गळा आवळतात."

"थोडी कळ काढ. शोध लागत आलाय. आम्ही सगळे मिळून लावतोय."

"आम्ही म्हणजे कोण? ती खालची कार्डं?" वहिनीनं इस्त्री स्टँडवर आपटली. "घरचं जळतंय आणि तुम्ही लष्कराच्या भाकऱ्या भाजताय. वर मला थापा मारताय. आज एक हात मोकळा होता म्हणून वाचले. दोन्ही नसले तर?"

"मला थोडा वेळ दे," एवढंच थंड्या म्हणाला. कोपऱ्यातून दादानं विचारलं, "हिच्या गळ्याला काय झालं रे?"

दुकान घराच्या खालीच होतं. पुढच्या भागात उघडेनागडे फ्रीज, मागे एक खोली. त्या खोलीत फ्रीजच्या तारेच्या फळ्या एकावर एक बसवून थंड्यानं मांडणी केली होती, आणि प्रत्येक फळीवर एक ग्राफिक्स कार्ड. पोरं ज्याच्या जिवावर कॉम्प्युटरवर गोळीबाराचे खेळ खेळतात, ते कार्ड. पोरांचं मन भरलं की ती विकतात आणि थंड्या घेऊन येतो. खेळासाठी नव्हे. एका विद्यापीठाला त्या चुकार प्रथिनाच्या घड्यांचं गणित सोडवायचं होतं. गणित इतकं अवाढव्य की त्यांनी त्याचे लहान लहान घास केले आणि जगभरच्या लोकांना म्हटलं, तुमचं यंत्र रिकामं असेल तर एक घास चावून द्या. पैसाअडका काही नाही. घास यायचा, कार्ड चावायचं, उत्तर परत जायचं, नवा घास यायचा.

कार्ड जेवढं जोरात पळेल तेवढे जास्त घास. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कार्डाला जास्त पळवता येतं, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. थंड्या म्हणायचा, टाच मारणं. टाच मारली की कार्ड तापतं, तापलं की कोसळतं, स्क्रीन गोठतो. मग वेग थोडा खाली घ्यायचा, पंखा वाढवायचा, पुन्हा टाच. शहाणी माणसं कार्ड कोसळलं की थांबतात.

पण थंड्या फ्रीजवाला. फ्रीजवाल्याच्या लेखी जगातली सगळी दुखणी उष्णतेची. तापतंय ना, मग गार करा. त्यानं बाटल्या ठेवायचं एक मोठं काचेच्या दाराचं कपाट रिकामं केलं. त्याचा मूळचा कॉम्प्रेसर एवढी धग ओढणार नाही हे त्याला पाठ होतं, म्हणून आइस्क्रीमच्या गोदामातून निघालेला दांडगा कॉम्प्रेसर त्याला जोडला. फटी मेणानं बुजवल्या, आत ओल धरू नये म्हणून ती शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या टाकल्या आणि मांडणी फळ्यांसकट आत ढकलली. आणि मग ज्या दिवशी वहिनीचा गळा आवळला गेला त्या दिवसापासून त्यानं जी टाच मारायला घेतली ती विचारू नका. कार्डं बर्फासारखी गार आणि वेग असा की घास चावणाऱ्यांच्या त्याच्या टीममधल्या कुणी स्वप्नात बघितला नसेल. एकही कोसळेना. घासामागून घास. रोज दादाला खाली आणून तो काच दाखवायचा. "बघ दादा, तुझंच काम चाललंय."

"कोण जिंकतंय?" दादा विचारायचा.

"आपण."

बेकरीवाल्याचा प्रसंग या सगळ्यात घडला. बेकरीवाला म्हणजे मोठा दिलदार माणूस, दादाच्या लढती बघितलेला. फ्रीजर दुरुस्तीला टाकायला आला तर दादा दुकानाच्या पायरीवर पाठमोरा बसलेला. याला उमाळा आला. "काय पैलवान," म्हणत त्यानं मागून दादाच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. एक.

दुसरी मारली असती तर कदाचित वाचला असता. दादा उठता उठताच वळला आणि त्याचं कोपर बेकरीवाल्याच्या तोंडावर बसलं. कडकन आवाज झाला. बेकरीवाला फ्रीजरवर उताणा पडला, तोवर दादा त्याच्या छातीवर होता आणि ठोसे मारत होता. मोजून, सावकाश, हातोड्यानं खिळा ठोकावा तसे. त्यात राग नव्हता आणि तेच बघवत नव्हतं. बेकरीवाल्याचा पांढरा शर्ट लाल झाला. थंड्या हातातलं टाकून धावला आणि दादाच्या पाठीवर त्यानं दोन थापा दिल्या.

दादा थांबला. उठला. हात खाली घेऊन भिंतीशी जाऊन उभा राहिला.

"हा माणूस नाही, जनावर आहे," बेकरीवाला थुंकला. थुंकीबरोबर दात बाहेर पडला. "बांधून ठेव त्याला."

हवालदार आला. तो बिचारा समजूतदार होता, त्यालाही कुणी म्हातारं सांभाळायचं असावं. "या वेळी मी मिटवतो," तो थंड्याला म्हणाला. "पण पुन्हा हात उचलला तर केंद्र नाही, कोठडी. तिथं तुझी ती थापबीप कुणी ऐकणार नाही."

त्या दुपारी थंड्यानं कार्डांना आणखी एक टाच मारली.

टीमच्या बाईंचा फोन आला तेव्हा तो मागच्या खोलीतच होता. या बाई लांबच्या गावी राहायच्या. टीममधल्या प्रत्येकाची विचारपूस करायच्या, कुणाचं कार्ड अडलं तर सांगायच्या. आवाज ऐकून थंड्याला बरं वाटायचं. आत कॉम्प्रेसरची घरघर फार म्हणून तो बोलत बोलत रस्त्यावर आला. दार उघडंच राहिलं.

"तुमची कार्डं कोसळत नाहीत ना हो?" बाईंनी विचारलं.

"छे. हात लावाल तर बोट चिकटेल, इतकी गार."

"तीच तर पंचाईत झालीय. कोसळली असती तर बरं झालं असतं. कोसळलेलं कार्ड निदान उत्तर तरी पाठवत नाही. तुमची न कोसळता चुकतायत."

"म्हणजे?"

"वेग फार झाला की कार्डाच्या मेमरीत आकडे घरंगळतात. वरून सगळं ठीक दिसतं. थंडीनं तापमान आटोक्यात राहतं हो, आकडे नाही राहत. तिकडं तपासतात तेव्हा उत्तर जुळत नाही, मग तोच घास दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागतो. आणि तो नीट चावून होईपर्यंत त्याच्या पुढचा घास अडून बसतो."

"किती घास?"

"तुम्ही ती कपाटात ठेवल्यापासूनचे सगळेच म्हणा ना."

"म्हणजे मी उशीर केला."

"जाणूनबुजून नाही केलात. माझ्या ह्यांनाही तोच आजार आहे, तुम्हाला मी कधी बोलले नाही. आता त्यांना चमचा धरता येत नाही. मलासुद्धा घाई आहे हो. पण हळू चालवा. तेवढंच सांगायला फोन केला."

तो काही बोलणार तेवढ्यात आतून काच फुटल्याचा आवाज आला.

दादा आपल्या पायानं खाली उतरला होता. दार उघडं दिसलं म्हणून आत गेला. खोलीत दिवा नव्हता, कपाटात कार्डांचे लाल दिवे होते. त्या काचेत त्याला काय दिसलं असेल? आत तारेच्या फळ्या, म्हणजे जाळी, आणि जाळीत खांदे पाडून आपल्याकडे रोखून बघणारा एक दणकट माणूस. दादानं हात वर घेतले, तर त्यानंही घेतले. मग काय.

थंड्या पोहोचला तोवर काचेचा चुरा झाला होता आणि दादा पलीकडच्या माणसाला फळ्यांमधून उपसून बाहेर काढत होता. कार्डं एकेक करून जमिनीवर येत होती, पंख्यांची पाती उडत होती, आणि हात कोपरापर्यंत रक्तानं माखले होते. उजव्या हाताच्या पेरात काचेचा तुकडा शिरून तसाच उभा होता. प्रत्येक ठोशाबरोबर तो आणखी आत जात होता आणि दादाला त्याचा पत्ता नव्हता.

थंड्यानं मागून दोन थापा दिल्या.

दादा थांबला नाही.

त्यानं पुन्हा दिल्या, जोरात. "दादा, थाप दिलीय. सोड."

दादा वळला. त्या डोळ्यांत भाऊ नव्हता की नियम नव्हता. पहिला ठोसा थंड्याच्या बरगड्यांत बसला, दुसरा नाकावर. तोंडात रक्ताची चव आली आणि तो कपाटाला धडकून काचांत पडला. आवाजानं वहिनी धावत खाली आली होती, ती दारातच उभी. दादाला आता दारातलं कुणीतरी दिसलं. तो तिच्याकडे निघाला. एक हात तिच्या केसांत घातला आणि दुसरा, तो काच रुतलेला, वर उचलला. खाली आला तेव्हा तिनं मान वळवली म्हणून डोळा वाचला. गाल कानापर्यंत फाटला.

थंड्यानं मागून मिठी घातली. ही मिठी त्याला दादानंच शिकवली होती. मनगट आत, कोपर हनुवटीखाली, आपलं डोकं त्याच्या डोक्याला भिडवायचं आणि आवळायचं. दादा थाप देणार नाही हे त्याला ठाऊक होतं. देह ढिला पडेपर्यंत धरायचं होतं. दादानं त्याला भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला, मोडलेली बरगडी आत टोचली, पण त्यानं धरलं. आणि खरं सांगायचं तर त्याला राग आला होता. बाई सांगत होत्या त्याचा, काचेचा, आइस्क्रीमवाल्या कॉम्प्रेसरचा, त्या पिंजऱ्याबाहेर बसून टाळ्या पिटणाऱ्यांचा, आणि या दादाचा, ज्यानं कुणी सांगितलं नसताना दोघांचा मार खाल्ला. सगळा राग त्याच्या दंडात उतरला होता. दादाचे गुडघे वाकले. हात लोंबले. तरी थंड्या आवळतच होता.

"भाऊजी, मरतील ते," वहिनी म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही.

मग पाठीवर दोन थापा पडल्या. थप, थप.

त्याचे हात सुटले. आपोआप, विचार न करता. दादा जमिनीवर कोसळला आणि थंड्या आपल्या दंडाकडे बघत बसला. वहिनी एका हातानं गाल दाबून दुसऱ्या हातानं दादाच्या नाकाशी श्वास बघत होती. "आहे," ती म्हणाली आणि मग रडायला लागली.

थोड्या वेळानं दादानं डोळे उघडले. शुद्धीवर आलेला प्रत्येक गडी आधी जे विचारतो तेच त्यानं विचारलं. "कोण जिंकलं?"

"तू," थंड्या म्हणाला.

दादा समाधानानं हसला. मग त्याला वहिनीचा गाल दिसला. "हिला कुणी मारलं?"

वहिनी त्याचा हात मांडीवर घेऊन काच काढत होती. दादा तिच्या हाताकडे बघत राहिला, मग आपल्या मुठीकडे, मग पुन्हा तिच्या गालाकडे. कित्येक महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर एवढा विचार कुणी बघितला नव्हता.

"मी?" त्यानं विचारलं.

वहिनीनं दुसरी काच काढली आणि ताटलीत ठेवली.

सकाळी डॉक्टरनं वहिनीच्या गालाला टाके घातले. दादाच्या हातांना पट्ट्या थंड्यानं स्वतः बांधल्या, लढतीआधी बांधायच्या तशा, अंगठ्यावरून सुरुवात करून बोटांच्या बेचक्यांतून. दादानं न सांगता बोटं फाकवून धरली. मग थंड्यानं खोली झाडली. कार्डांतली बहुतेक गेली होती, दोन जिवंत निघाली. ती त्यानं कपाटात नाही, उघड्या फळीवर ठेवली आणि कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगावर आणली. घास आला. कार्ड आपलं रमतगमत चावत बसलं. बघवत नव्हतं इतकं हळू. त्याचा हात वेगाच्या आकड्याकडे गेला आणि त्यानं तो खिशात घातला.

केंद्र गावाबाहेर होतं. खिडक्यांना जाळी होती. ती बघून थंड्याची पावलं मंदावली. दादाला मात्र जाळीचं काहीच वाटलं नाही, तो उलट जरा ताठ चालायला लागला. दारात एक सेवक उभा होता, हात दादापेक्षाही जाड. "चला काका," तो म्हणाला.

थंड्यानं दादाचं मनगट धरलं होतं. सेवक थांबला. वहिनी थांबली. थंड्याला सोडायचं होतं, निदान सोडायला हवं हे कळत होतं, पण हात ऐकेना. "मी रोज येईन," तो म्हणाला. "औषध निघालं की लगेच घेऊन जाईन. आता नीट चालवतोय, दादा. आता चूक होणार नाही." तो बोलतच राहिला आणि बोलता बोलता त्याची पकड आणखी घट्ट झाली. पट्टीखालच्या जखमेतून ओल वर आली.

दादानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. ओळखीनं बघितलं. मग दुसरा हात उचलला आणि थंड्याच्या दंडावर दोनदा ठेवला. थप, थप.

जन्मात कुणाला दिली नव्हती.

थंड्यानं सोडलं. दादा वळला आणि पट्ट्या बांधलेले हात थोडे वर धरून आत गेला. सेवकानं दार लावून घेतलं.

संध्याकाळी घरी वहिनी धुणं गोळा करत होती. थंड्याच्या शर्टाच्या बाहीवर दोन डाग होते, रक्ताचे आणि औषधाचे, दादाच्या बोटांच्या मापाचे.

"तो शर्ट टाका इकडं," ती म्हणाली. टाक्यांमुळे तिला धड बोलता येत नव्हतं.

"राहू दे. उद्या कामावर घालायचाय."

वहिनीनं बाहीकडे बघितलं.

"थापा मारू नका, भाऊजी," ती म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली. शर्ट तिनं पुन्हा मागितला नाही.